चालत आलेला ड्राफ्ट

इस्माईलचाचांचा ड्राफ्ट हातात घ्यायचा, तर आधी हात धुवावे लागत. मी बँकेत नोकरीला होतो, दवाखान्यात नव्हे, पण चाचा काउंटरसमोर उभे राहत, प्लास्टिकच्या पिशवीतून पाकीट काढत, ते छातीशी धरत आणि म्हणत, "सावंत, हात धुवून या." मागे रांग ताटकळत असे. शाईने बरबटलेल्या बोटांनी आपल्या मुलाच्या कमाईला कुणी शिवू नये, असा मी त्याचा अर्थ लावला होता. माणसाची मिजास कुठून बाहेर पडेल, सांगता येत नाही.

ही वाशीतली, ऐंशी सालानंतरची गोष्ट. चाचा आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर माझ्या डोक्यावर राहत. मूळचे रायगडातल्या खाडीकाठच्या एका गावचे. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. त्यांचा एकुलता एक मुलगा अन्वर कुवेतमध्ये वायरमन होता. एवढ्या भांडवलावर चाचा सोसायटीत अशा तोऱ्यात वावरत, की कुवेतचं तेल यांच्याच परसात लागलं असावं. घरात विणलेल्या कव्हराखाली एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर होता. सोसायटीच्या मीटिंगला ते गॉगल लावून येत, आणि मीटिंग रात्री जेवणानंतर असे.

पैसे मागवण्याची त्यांची पद्धत मात्र बैलगाडीच्या काळातली. मुलानं तिकडच्या बँकेत ड्राफ्ट काढायचा आणि सुट्टीवर निघालेल्या कुणातरी माणसाच्या हाती द्यायचा. पोस्टानं नाही, तारेनं तर मुळीच नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांना परदेशी ठेवींचं टार्गेट होतं. त्यांनी चाचांना केबिनमध्ये बसवून, चहा पाजून समजावलं, की अन्वरनं आपल्याकडे खातं उघडलं तर तिकडे भरलेले पैसे चार-आठ दिवसांत इकडे जमा होतील.

"कसे येनार?"

"तारेनं."

"तारेवर कावले बसतात, साहेब. पैसा मानसाच्या पायानं यायला पायजे."

साहेबांचा चहा फुकट गेला.

आता माणसाच्या पायानं येणारा पैसा कसा यायचा, तेही ऐका. आणणारा आधी स्वतःच्या घरी जाई. घर कधी रत्नागिरीला, कधी केरळात. तिथे तो बहिणीचं लग्न उरकी, भावकीतलं भांडण मिटवी आणि परतीचं विमान पकडायला मुंबईला आला, की जाता जाता वाशीला उगवे. एका केरळी फिटरनं ड्राफ्ट घेऊन ठेवला आणि त्याची सुट्टीच दोनदा पुढे ढकलली गेली. तो आला तोवर ड्राफ्टची मुदत उलटून गेली होती.

"चाचा, हा मेला," मी काउंटरवर सांगितलं. "कुवेतला परत पाठवा. तिथून नवा यायला हवा."

फ्लॅटचा हप्ता थकला होता. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. चाचांचा चेहरा खुलला. "म्हंजे परत एक मानूस येनार," ते म्हणाले. मूर्खपणालाही काही मर्यादा असते, असं मला तोवर वाटत होतं.

तो माणूस एका रविवारी आला. या वेळी तारीख बघून घ्यावी म्हणून चाचांनी मला वर बोलावलं. उत्तर प्रदेशातला कुणी वेल्डर होता, आणि त्याच्यासाठी दिवाळे गावच्या कोळणीकडून पापलेट आणलं होतं. आम्ही शेजारी, पण आम्हाला तिथे कधी बांगडाही मिळाला नव्हता. ड्राफ्ट टेबलावर पडून होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. चाचांनी त्या वेल्डरला जेवणावरून उठवून दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथे पेन्सिलीची एक रेघ होती.

"अन्वर तुमसे ऊंचा है?"

"थोड़ा ऊंचा है, चाचा."

चाचांनी त्याच्या डोक्याच्या वर, हवेतच, हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आतून चाचीनं विचारलं, "केस गेले काय त्याचे, इचारा. तिकडचं पानी खारं हाय." मग खातो काय, झोपतो कुठे, हसतो काय. पोलीसही चोराला इतकं विचारत नाहीत.

"पत्र येतं ना त्याचं?" मी म्हणालो. "फोटो मागवा."

"पत्रात समदे खुशाल असतात, सावंत. आन फोटोत समदे श्वास धरून उभे ऱ्हातात."

अन्वर गेला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. हप्ते फिटावेत म्हणून तो दर वेळची सुट्टी कंपनीला विकत होता, त्यामुळे एकदाही घरी आला नव्हता. हे मला चाचीनं सांगितलं, चाचांनी नाही. ते गॉगल पुसत होते.

ड्राफ्टच्याच पाकिटात खातं उघडायचे सही केलेले कागद निघाले. मेलेल्या ड्राफ्टला पोरगा वैतागला होता. यापुढे पैसे बँकेतून बँकेत येणार होते.

आणि येऊ लागले, अगदी वेळेवर. साहेब खूश झाले. पहिली रक्कम जमा झाली तेव्हा चाचा पासबुक घेऊन आले. त्या दिवशी गॉगल नव्हता. जुने हिशेब चुकते करायची संधी मी सोडणार नव्हतो. "हात धुवून येऊ का, चाचा?"

"नको," ते म्हणाले. "ह्याला अन्वरचा हात कुटं लागलाय."

मी नोंद करून पासबुक पुढे सरकवलं, पण चाचा हलेनात. मागे रांग नेहमीसारखी ताटकळत होती. मग ते काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, "तिकडं बँकेत पैसे घेनारा मानूस दर म्हयन्याला त्याला बघत असंल ना?"

"असेल."

"मंग त्याला तारेनं इचारता येईल काय? बारीक झालाय काय म्हनून?"

त्या तारेनं फक्त रकमा आणि खात्यांचे आकडे येतात. इतकी साधी गोष्ट ज्या माणसाला कळत नाही, त्याच्यापुढे काय डोकं फोडायचं?

"विचारतो, चाचा," मी म्हणालो.