साळव्याचा अर्धा तास

शनिवार, ९ मे १९९८. रक्कम चार हजार दोनशे अठरा रुपये. हजर: मी, माझी पत्नी सुमन, टेलिफोनचं बिल घेऊन आलेला पोस्टमन, आणि मधल्या भिंतीवरून नुसतं डोकं वर काढून उभा असलेला आमचा शेजारी देविदास साळवे.

आमच्याकडे फोन आल्यापासून दोन महिन्यांचं बिल साडेतीनशेच्या वर कधी गेलं नव्हतं. मी बिल तीनदा वाचलं. पोस्टमननेही एकदा वाचलं आणि तो पाणी न पिताच निघून गेला. मी काही बोलायच्या आत भिंतीवरून आवाज आला, "भाऊसाहेब, त्यातले तीन हजार आठशे एकाहत्तर माझे हायेत. मी मांडून ठिवलंय." आणि त्याने शाळेची शंभर पानी वही पुढे केली. पहाटेचा प्रत्येक फोन, लागला किती वाजता, तुटला किती वाजता, सगळं त्यात होतं. मी रात्री बसून बेरीज तपासली. ती बिलाशी रुपयाला रुपया जुळली, याचा मला जास्त राग आला. चूक सापडली असती तर भांडता आलं असतं.

साळवे सोनईजवळच्या एका दूध संघाच्या शीतकरण केंद्रात यंत्रं सांभाळायचा. मी त्याच संघात हिशेबाला. वयाने तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. एकटा राहायचा. तीन बहिणींची लग्नं करून देता देता त्याचं स्वतःचं राहून गेलं, असं लोक सांगत. तो स्वतः त्याबद्दल बोलत नसे. गावातली बंद पडलेली कुठलीही वस्तू त्याच्याकडे जायची आणि चालू होऊन परत यायची, पण सोबत एक लेखी अहवाल यायचा: बिघाड काय होता, कशामुळे झाला आणि जबाबदार कोण. आमच्या मिक्सरच्या अहवालात जबाबदार म्हणून सुमनचं नाव होतं. तिने आठ दिवस त्याला चहा विचारला नाही. मग रेडिओ बिघडला आणि चहा पुन्हा सुरू झाला.

संघाने टँकरच्या नोंदींसाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा, ज्याला वायर आहे ते साळव्याचं, या नियमाने तो त्याच्या ताब्यात गेला; दिवसा केंद्रात, रात्री त्याच्या खोलीत. तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. पुण्याच्या कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्याला कॉम्प्युटरची एक भाषा मिळाली, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. ती फुकट होती. फुकट वस्तू दिसली की मी आधी पावती विचारतो. साळवे म्हणाला की पावती नाही, मालक नाही, आतलं सगळं उघडं आहे; कोणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि सगळ्यांना पाठवून द्यावी. मी विचारलं, दुरुस्तीचे पैसे कोण देतं? तो म्हणाला, कोणी नाही. मी विचारलं, मग लोक करतात कशाला? त्यावर त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. मी तीस वर्षं हिशेब करणारा माणूस. माझ्याकडे दयेने पाहण्याचं कारण मला समजलं नाही.

त्या भाषेवर काम करणारी माणसं जगभर पसरलेली होती आणि रोज कॉम्प्युटरवरून एकमेकांना पत्रं लिहीत. एकाचं पत्र सगळ्यांना जायचं. याला ते लिस्ट म्हणत. साळवे म्हणायचा मंडळी. ही पत्रं आणायला पुण्याला एसटीडी लावावी लागे, आणि फोन होता माझ्याकडे. पहाटे सहाच्या आत दर पावपट, म्हणून भिंतीवरून, आमच्या कपड्यांच्या दोरीला गुंडाळून, एक काळी वायर त्याच्या खोलीत गेली. सुमन त्यावर रुमाल वाळत घालायची. पहाटे पाचला मी रिसीव्हर उचलला की त्यातून रंधा मारल्यासारखा आवाज यायचा, आणि पलीकडून दबक्या सुरात विनंती, "ठिवा भाऊसाहेब. मंडळी बोलत्यात."

सकाळी सातला डेअरीकडे जाताना तो मला मंडळींच्या बातम्या सांगायचा, जशा कोणी वस्तीवरच्या सांगाव्या. भाषा ज्याने बनवली तो पोर्तुगालचा. त्याच्या आईला मोतीबिंदू. एका जपानी माणसाला दुसरी मुलगी झाली. कॅनडातल्या एका बेटावर मार्गारेट नावाच्या बाई आहेत, त्या शाळेत शिकवतात आणि बर्फ पडला की त्यांची लाइट जाते. "आपल्यासारखंच हाय तिकडं," असं तो समाधानाने म्हणायचा. पलीकडच्या गल्लीत कोण वारलं हे मात्र त्याला माझ्याकडून कळायचं.

या मंडळींना तो पत्र कसं लिहायचा, तेही सांगतो. आम्ही सरकारी अर्ज लिहून मोठे झालेलो. त्याने पहिली दुरुस्ती पाठवली तेव्हा वर 'आदरणीय महोदय', मग विषय, मग संदर्भ, मग 'सविनय अर्ज करतो की', आणि खाली 'आपला आज्ञाधारक', असं सगळं इंग्रजीत. अर्ज तीन प्रतींत द्यायचा असतो, म्हणून तेच पत्र त्याने तीनदा पाठवलं. आठशे माणसांना तीनदा. दुसऱ्या दिवशी बावीस लोकांनी त्याला लिहिलं की तुमचं यंत्र बिघडलंय. त्याने बावीस जणांना वेगवेगळं उत्तर लिहिलं की यंत्र ठीक आहे, एक प्रत कार्यालयासाठी आहे. या बावीस उत्तरांचे एसटीडीची मिनिटं वहीत आहेत.

आता मूळ गोष्ट. संघाचा नियम होता की सकाळी आठनंतर आलेल्या टँकरची मिनिटाप्रमाणे कपात करायची. फेब्रुवारीपासून टँकरची वेळ साळव्याचा कॉम्प्युटर नोंदवू लागला; ते काम साळव्याने त्याला त्या फुकट भाषेतच सांगितलं होतं. आणि मे महिन्याची पत्रकं माझ्याकडे आली तेव्हा चार महिने मला खटकत असलेली गोष्ट मी शेवटी मोठ्याने बोललो: एकाही टँकरची कपात नाही. घोडेगावचा टँकर वेळेवर? तो माणूस बाजाराच्या दिवशी म्हशी बघत उभा राहतो. मॅनेजर साहेबांनी तर मीटिंगमध्ये साळव्याचं कौतुक केलं होतं, की यंत्र आल्यापासून ड्रायव्हरांना शिस्त लागली.

मी गेटवरच्या रखवालदाराचं रजिस्टर मागवलं. तो भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहायचा. चारशे बारा नोंदी एका कागदावर घेतल्या, शेजारी कॉम्प्युटरच्या. चारशे बाराही नोंदींत फरक तेवढाच. अर्धा तास.

साळवे तो कागद घेऊन खोलीत गेला आणि दोन दिवस कामाव्यतिरिक्त बाहेर आला नाही. तिसऱ्या पहाटे सहाला भिंतीवर डोकं आलं. चेहरा उतरलेला. "माझी चूक न्हाई भाऊसाहेब. भाषेतच खोट हाय. त्यांनी आपला अर्धा तास खाल्ला."

समजून घेतलं तेव्हा मीसुद्धा भडकलो. कॉम्प्युटर आत ग्रीनिचची वेळ धरतो आणि ही भाषा त्यात आपापल्या देशाचा फरक मिळवते. पण बनवणाऱ्याने धरून चाललं होतं की फरक पूर्ण तासांचाच असतो. पोर्तुगालचा माणूस, त्याला पाच माहीत, सहा माहीत. साडेपाच तास पुढे असलेला एवढा मोठा देश आहे हे त्याच्या ध्यानातच नाही. वरचा अर्धा तास भाषेने सरळ सोडून दिला होता. नव्वद-शंभर कोटी माणसांचा, रोजचा. आमच्या संघात दोन पैशांचा फरक आला तर मी घरी जात नाही.

साळव्याने अर्ज पाठवला, या वेळी एकाच प्रतीत. तीन दिवसांनी कोणा एकाचं उत्तर आलं की ही अडचण फार थोड्या लोकांची दिसते, आणि नवी आवृत्ती जुलैत निघायची आहे, आता एवढ्यासाठी जुन्या भागाला हात लावायला नको. 'फार थोडे लोक' हे शब्द साळव्याने मला वाचून दाखवले. सुमनने भाकरी थापता थापता विचारलं, की त्या माणसाला मोजता येतं का.

इकडे मॅनेजर साहेबांना प्रकार कळला. त्यांनी कौतुक मागे घेतलं आणि जुलै अखेरची मुदत दिली: तोवर यंत्राने बरोबर वेळ दाखवली नाही तर ते बंद, पुन्हा रजिस्टर. मी साळव्याला साधा उपाय सुचवला. तुझ्या कामापुरता तू अर्धा तास मिळव आणि मोकळा हो. पाच मिनिटांचं काम. हे त्याने स्वतःच मला सांगितलं होतं.

तो ऐकेना. त्यावर आमचं जे भांडण झालं ते भिंतीच्या दोन्ही बाजूंनी गल्लीने ऐकलं. मी म्हणालो, नोकरीवर येईल, कॉम्प्युटर जाईल, कोण कुठले फुकटे, त्यांच्यासाठी तू पहाटे उठतोस, बिलं भरतोस, आणि ते तुला थोडे लोक म्हणतात.

"आपल्यापुरतं केलं तर तेहरानवाल्याचं काय?" साळवे म्हणाला. "काठमांडूवाल्याचं तर पावणेसहा हाय. त्यानं कुनाकडं जायाचं?"

काठमांडूचा मनुष्य आयुष्यात आमच्या सोनईला येणार नव्हता. मी घरात गेलो.

आत जाऊन मी चारशे बारा नोंदींचा कागद काढला आणि स्वच्छ उतरवून घेतला. क्रमांक, तारीख, रखवालदाराची वेळ, यंत्राची वेळ, फरक. खाली बेरीज: दोनशे सहा तास. एवढे तास या भाषेने चार महिन्यांत एका दूध केंद्राकडून घेतले, असं खाली एक वाक्य लिहिलं. रागाने लिहिलं होतं, पण खोटं नव्हतं. कागद भिंतीवरून दिला आणि सांगितलं की अर्जबिर्ज पुरे, हा आकडा पाठव.

त्याने तो संपूर्ण टाइप करून पाठवला. पाच पहाटे काही नाही. सहाव्या पहाटे कॅनडाच्या मार्गारेटबाईंचं पत्र. त्यांच्या बेटावरचं घड्याळही अर्ध्या तासाचंच निघालं. सात महिने त्या मनातल्या मनात अर्धा तास धरून काम चालवत होत्या आणि त्यांना वाटायचं, आपणच चार माणसं, कशाला तक्रार करा. आमचा तक्ता वाचून त्यांनी सगळ्यांना लिहिलं की हे चारशे बारा टँकर मोजणाऱ्याला उत्तर द्या. मग ऑस्ट्रेलियातून एकजण बोलला, मग तेहरानचा. साळवे मला डेअरीच्या वाटेवर हिशेब करून सांगत होता, की बाईंच्या आणि आपल्या घड्याळात सध्या पुरे आठ तास पडतात, वर काही नाही. त्याला त्याचं कोण कौतुक.

जुलैच्या अठरा तारखेला पोर्तुगालच्या माणसाने दुरुस्ती घेतली. चूक माझी, असं त्याने स्वतः लिहिलं होतं. हे मला आवडलं. नवी आवृत्ती आली, साळव्याने ती बसवली, आणि दुसऱ्याच दिवशी घोडेगावचा टँकर एकोणतीस मिनिटं उशिरा असल्याचं यंत्राने छापलं. ड्रायव्हर मला गेटवर अडवून म्हणाला, "भाऊसाहेब, यंत्र बिघडलंय तुमचं."

त्या रविवारी सकाळी साळवे वही घेऊन आला. आवृत्तीबरोबर एक यादी येते, ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची. ती त्याने संघाच्या प्रिंटरवर छापली होती. त्यात त्याचं नाव होतं, सोनई, जिल्हा अहमदनगर, भारत. आणि त्याच्या नावाखाली इंग्रजीत लिहिलं होतं: मुरलीधर शेटे यांच्यामुळे.

मुरलीधर शेटे म्हणजे मी. मला विचारलं नव्हतं. मी तसं म्हणालो, आणि जरा जोरात म्हणालो. सही केल्याशिवाय माझं नाव मी आजवर कुठल्या कागदावर जाऊ दिलेलं नाही.

साळवे वहीच्या कोपऱ्याशी चाळा करू लागला.

"समद्यांच्या नावाखाली कुनीतरी हाय त्यात," तो म्हणाला. "कुनाची बायको. कुनाची आई. ह्यांच्यामुळं झालं म्हून लिवत्यात मंडळी. मला पन इचारलं, तुमच्या खाली काय लिवायचं. माझ्या घरात कोन हाय, भाऊसाहेब? मंग मी तुमचं नाव दिलं."

सुमन ओट्याशी होती. तिने तिसरा कप काढला.

मी त्याला बस म्हणालो आणि नवं बिल काढलं. साळव्याने वही उघडून आपला आकडा सांगितला, दोन हजार सातशे बहात्तर, आणि खिशातून पैसे काढले. बरोबरच होता. मी निम्मे परत त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, असं कसं. हिशेबात बसत नाही. मी म्हणालो की कागदावर दोन नावं आहेत, खर्च एकाने करायचा ही कुठली पद्धत. त्याने चहा घेतला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

बिल तीन हजार एकशे बारा रुपये. साळव्याकडून घेतले एक हजार तीनशे शहाऐंशी. उरलेले एक हजार सातशे सव्वीस मी घातले, आणि सोमवारी सकाळी दोघांनी मिळून टेलिफोन खात्याच्या खिडकीवर भरले.