मधला ऑपरेटर

सूनबाईंच्या ऑनलाइन तोंडी परीक्षेला अर्धा तास उरला आणि कंप्युटरवर परीक्षेचं पान काही उघडेना. पडद्यावर नुसतं एक चक्र गरगरत होतं. परीक्षा होती ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्सच्या जागेसाठी. गेल्या खेपेला ऐन दिवशी ती तापाने फणफणली होती आणि यंदा हुकली तर वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे विषयच संपला. नवरा परगावी. घरात सासू-सासरे आणि ती, बस्स.

सासरे म्हणजे हॅलोकाका. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली, म्हणून कॉलनीने हे नाव ठेवलं. लोकांनी नाव सांगायचं, काकांनी लाइन जोडून द्यायची. मग एके दिवशी आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि साहेबांनी काकांना पत्रांवर शिक्के मारायला बसवलं. तो अपमान त्यांच्या मनातून गेलाच नाही. जगाला मधला माणूस नको ना, मग आपल्यालाही नको, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे मोबाइल आला तरी काका त्यात एकाचंही नाव साठवत नसत. सगळे नंबर तोंडपाठ. थेट नंबर लावायचा, कुणाला विचारत बसायचं नाही.

तर असे हे काका बाह्या सरसावून उठले. नवीन इंटरनेटची लाइन कालच बसवली होती, तेव्हा दोष तिचाच, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी राउटरची वायर काढून फुंकर मारली, परत लावली. चक्र फिरतच राहिलं. "एकदा सगळंच बंद करून चालू करू," असं म्हणून त्यांनी थेट मेन स्विच पाडला.

तिकडे सासूबाई, म्हणजे काकू, किंचाळल्या. सुनेच्या परीक्षेला घालायच्या पांढऱ्या कोटावर सकाळी डाग दिसला म्हणून त्यांनी तो वॉशिंग मशीनमध्ये टाकला होता. वीज परत आली, पण मशीन रुसलं ते रुसलंच. दार घट्ट बंद, आत कोट पाण्यात लोळतोय.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" काकू म्हणाल्या. काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

सुनेने धीर करून घरच्याच वायफायवर मोबाइलमध्ये तेच पान उघडून बघितलं. झटक्यात उघडलं! लाइन तीच, घर तेच. पण परीक्षा कंप्युटरवरूनच द्यायची असा नियम होता. आता मात्र तिचे डोळे भरून आले. ते बघून काकांनी नाइलाजाने इंटरनेट कंपनीला फोन लावला, अर्थात नंबर पाठ होता, आणि स्पीकर चालू केला.

पलीकडची मुलगी शांत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, त्या कंप्युटरमध्ये वेबसाइटचा नंबर कुणी हाताने लिहून ठेवलाय का?"

काकूंनी काकांकडे बघितलं. सुनेनेही बघितलं.

"मी ठेवलाय," काका घसा खाकरून म्हणाले. "मागच्या महिन्यात. म्हटलं, पोरीला पान लवकर उघडावं. मध्ये कुणाला पत्ता विचारायची भानगड कशाला?"

मग त्या मुलीने समजावलं. फोनसारखाच प्रत्येक वेबसाइटलाही नंबर असतो. त्यातले जुने नंबर आखूड, आता ते पुरत नाहीत. म्हणून नव्या लाइनवर फक्त नवे लांबलचक नंबर चालतात. परीक्षेची वेबसाइट अजून जुन्या नंबरावर आहे, पण त्याने काही अडत नाही. कंपनीकडे एक यंत्र बसवलंय. त्याला नुसतं नाव सांगायचं, ते जुन्या नंबराचा नवा करून देतं आणि पुढची जोडणी मध्ये बसलेलं दुसरं यंत्र करतं. "मोबाइल नाव विचारतो, म्हणून त्याचं काम होतं. तुमचा कंप्युटर कुणाला विचारतच नाही, काका. जुना नंबर घेऊन सरळ निघतो आणि रस्त्यातच अडकतो."

काकांनी मुकाट्याने आपल्या हाताने लिहिलेली ती ओळ पुसली. पान उघडलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. कोट मशीनमध्येच होता, म्हणून त्यांनी अंगातला स्वेटर काढून सुनेला चढवला आणि दार ओढून घेतलं.

बाहेर काका येरझाऱ्या घालत राहिले. एकदा दाराला कान लावला, तर काकूंनी दंडाला धरून मागे ओढलं. अखेर दार उघडलं. सून सासूच्या ढगळ स्वेटरमध्ये हसत उभी होती. "झाले पास, बाबा. त्यांनी तिथेच सांगितलं." काकांना एवढं हलकं वाटलं की ते मटकन सोफ्यावर बसले. शेजारी बसून सुनेने त्यांचा हात हातात घेतला. पान लवकर उघडावं म्हणून केलं होतं ना, म्हणाली, मग झालं तर.

थोड्या वेळाने काकूंना आतून बोलण्याचा आवाज आला. काकांनी कंपनीला पुन्हा फोन लावला होता. योगायोगाने तीच मुलगी होती. तिला वाटलं, तक्रार असेल.

"तक्रार नाही गं. ते मधलं यंत्र आहे ना, नाव सांगितलं की नंबर देणारं, त्याचं नाव काय?"

"त्याला कसलं नाव, काका? लोकांना ते आहे हेसुद्धा माहीत नसतं."

"आणि त्याला मात्र सगळ्यांची नावं विचारावी लागतात?"

"हो, कामच आहे ते त्याचं."

"आमचंही तसंच होतं," काका म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं. मोबाइलमध्ये साठवलेलं ते त्यांचं पहिलं नाव.