मोठ्या बाई आणि खोकल्याचा तपास

शाळेत दम्याचा तास घ्यायचा ही कल्पना मोठ्या बाईंचीच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोयच उरली नाही.

तास मात्र झकास रंगला. आरोग्य केंद्रातून आलेल्या नर्सबाईंनी पंप कसा ओढायचा ते दाखवलं. कुणाला धाप लागली तर त्याच्याभोवती गर्दी करायची नाही, त्याला ताठ बसवायचं, त्याचा पंप द्यायचा आणि लगेच मोठ्या माणसाला हाक मारायची, हे त्यांनी सातवीच्या मुलांकडून घोटून घेतलं. जाता जाता म्हणाल्या, "आणि दमा प्रत्येकाचा वेगवेगळ्या गोष्टीनं चाळवतो बरं का. धूळ, धूर, उग्र वास, प्राण्यांचे केस. आपला कशानं चाळवतो ते शोधून काढायचं."

झालं! वर्गात दमा होता तो एका मुलीला, आणि तिला सगळी शाळा वकीलबाई म्हणायची. उलटतपासणी घेतल्याशिवाय ती गृहपाठसुद्धा स्वीकारत नसे. ही पोर हल्ली शाळेतच खोकायची, घरी नाही. असं का? अख्ख्या वर्गाला या कोड्यानं पछाडलं.

आधी खडूची पेटी वर्गाबाहेर गेली. मग पडदे उतरले. मग बाकांखालची धूळ ओल्या फडक्यानं पुसली गेली. वर्ग लख्ख झाला म्हणून मोठ्या बाई कौतुकानं बघायला आल्या, आणि वकीलबाईला अशी उबळ आली की तिला पंप ओढावा लागला.

श्वास जागेवर आल्यावर तिनं मोठ्या बाईंकडे रोखून पाहिलं.

"बाई, परवा प्रार्थनेला मला खोकला आला, तेव्हा तुम्ही शेजारी होतात. ग्रंथालयात आला, तेव्हा तुम्ही नुकत्याच आत आला होतात. सहलीला तुम्ही नव्हतात. मी दिवसभर धावले, पण एकदाही खोकले नाही."

"मग? म्हणणं काय तुझं?"

"राग मानू नका हं बाई. पण माझा दमा तुमच्यामुळेच चाळवतो."

मोठ्या बाईंना लगेच आपलं कपाट आठवलं. शाळेच्या फाटकावर 'आवारात प्राणी आणू नयेत' ही पाटी त्यांनीच लावली होती, आणि त्यांच्याच खोलीतल्या कपाटात, त्यांच्याच शालीवर, शाई नावाची काळीभोर मांजर वर्षभर सुखानं नांदत होती. घरी नेणार कशी? यजमानांनी बजावून ठेवलं होतं, "मला मांजरानं दम लागतो. ती आत आली तर मी बाहेर." म्हणून हे चोरीचं बिऱ्हाड. वासानं बिंग फुटू नये म्हणून त्या खोलीत आणि स्वतःच्या पदरावर गुलाबाचा फवारा मारायच्या, आणि तो विरला की पुन्हा मारायच्या.

आता बोलावं तर शाई जाणार आणि अब्रूही. गप्प बसावं तर ही पोर खोकत राहणार. शाईवर त्यांचा जीव होता. पण त्यांनी पोरीच्या हातातल्या पंपाकडे पाहिलं आणि त्या दाराकडे वळल्याच.

"चला माझ्या खोलीत. तू मात्र दारातच थांब."

कपाट उघडलं. शाई आळस देत बाहेर आली आणि थेट दाराकडे निघाली.

"अगं, लांब हो! केस उडतील!"

तोवर वकीलबाईनं तिला उचलून खांद्यावर घेतलंसुद्धा. सगळे खोकल्याची वाट बघत उभे राहिले. खोकला येईना.

"बाई, आमच्याकडे दोन मांजरी आहेत. एक तर माझ्या उशीवरच झोपते."

"अगं मग तू खोकतेस कशानं?" मोठ्या बाई चक्रावून म्हणाल्या. तेवढ्यात व्हरांड्यात कुणाची तरी पावलं वाजली, आणि सवयीनं त्यांचा हात गुलाबाच्या बाटलीकडे गेला. फुस्स!

वकीलबाई खोकून खोकून लाल झाली. पण सातवी डगमगली नाही. एकानं खिडक्या उघडल्या, दोघींनी तिला बाहेर नेऊन ताठ बसवलं, तिसरीनं पंप हातात दिला. एकजण जिवाच्या आकांतानं ओरडला, "मोठ्या बाई! मोठ्या बाई!"

"अरे मेल्या, मी इथंच आहे!"

खोकला थांबला तेव्हा बाटली बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात गेली होती. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले होते. "माझंच चुकलं गं पोरी. मी मांजर लपवत होते आणि भोगत होतीस तू."

"असू दे बाई. पण शाईला इथं ठेवता यायचं नाही. दुसऱ्या कुणाला तिचा त्रास झाला तर?"

"खरंय. पण नेऊ कुठं तिला? आमच्याकडे काकांना दम लागतो."

वकीलबाईनं कपाटातली शाल उचलून उजेडात धरली. काळ्या केसांनी ती भरून गेली होती.

"ही शाल घरी नेता का कधी?"

"रोज. संध्याकाळी तीच पांघरून तर काका टीव्हीपुढं घोरत पडतात."

"आणि खोकतात?"

मोठ्या बाईंनी शालीवरचे केस निरखून पाहिले. त्यांनी शांतपणे शालीची घडी घातली आणि त्या शाईसाठी मोठी पिशवी शोधायला लागल्या.

त्या संध्याकाळी यजमानांनी दार उघडलं. पिशवीतून दोन हिरवे डोळे आपल्याकडे टक लावून बघतायत हे दिसताच त्यांनी छातीवर हात ठेवला आणि जोरजोरात खोकायला सुरुवात केली.

मोठ्या बाईंनी पिशवी सोफ्यावर ठेवली आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली.

"आता काही उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "खोकायला वर्षभर उशीर केलात तुम्ही."