कारासूचं पान

कारखानीसकाकांच्या दहाव्याला कावळा वेळेवर आला, पण आपल्या जपानी नावाचा अर्थ कळल्याशिवाय पिंडाला शिवणार नाही म्हणाला.

आम्ही आठपासून घाटावर बसलो होतो. काका जपानीचे अनुवादक. शेवटची सहा वर्षं पक्ष्यांच्या जपानी नावांचा कोश लिहीत होते. पिंडाशेजारी त्यांचा चष्मा आणि ती वही ठेवली होती. त्यांच्या पत्नी विमलताईंनी रीतीप्रमाणे हात जोडले. "कोश छापून घेईन हो." कावळा हलला नाही. शेजारीण म्हणून मीही पुढे झाले. "ताईंना एकटं जेवू देणार नाही, काका."

"ते त्यांना सांगा," कावळा म्हणाला. "माझी तक्रार वेगळी आहे. चिमणीला दोन पानं मिळाली. माझ्या पानावर नाव आणि 'उद्या पाहू' एवढंच."

गुरुजींना अकराला दुसरं दहावं होतं. "ताई, दर्भाचा कावळा करू या."

"करा," कावळा म्हणाला. "अर्थ त्यालाही सांगावा लागेल."

विमलताईंनी डोळे मिटले. दहा दिवस धड झोप नव्हती. "अहो, मला कुठलं जपानी? मी नुसता चहा नेऊन द्यायचे."

मग मलाच बोलावं लागलं. शाळा सातवीपर्यंतच, पण विरजण मागायला गेले की मी काकांना प्रश्न विचारून भंडावायचे, ते आत गेले की वही चाळायचे. "कारासू. 'कारा' म्हणजे तुमचं ओरडणं. 'सू' हे पक्ष्यांच्या नावाला लागणारं शेपूट. उगुइसू म्हणून एक गाणारा पक्षी आहे, त्यालाही आहे. बहुतेक असंच, म्हणाले काका. खात्री करून लिहिणार होते."

"वही चाळायचीस होय ग?" विमलताई म्हणाल्या. रागवायचंही त्राण नव्हतं.

"म्हणजे मी ओरडतो, एवढंच?" कावळ्याने विचारलं.

"मराठीत तरी काय वेगळं आहे?" मी म्हणाले.

त्याने चोचीने वही विमलताईंकडे सरकवली. "लिहून द्या. घरच्या माणसाच्या अक्षरात. 'बहुतेक'सकट."

विमलताईंनी 'उद्या पाहू' खोडलं नाही. त्याच्याखाली सावकाश लिहिलं. कावळ्याने वाचलं आणि तो पिंडाला शिवला. गुरुजी लगबगीने निघाले.

आम्ही उठलो, तर पायरीवर एक पारवा ताटकळत उभा. 'हातो'चं, म्हणजे पारव्याचं, पान कोरं आहे, हे मला माहीत होतं.

विमलताईंनी पेनाला टोपण लावलं. "तेराव्याला घरीच या," त्या पारव्याला म्हणाल्या. "जेवून बसू. ही असेलच."