बदलून मिळेल

समोर काचेचं, थंडगार दुकान उघडलं आणि तात्यांचं बूड खुर्चीला टेकेना. गल्ल्यावरून दारात, दारातून गल्ल्यावर. मिक्सर, पंखे, इस्त्र्या विकण्यात उभा जन्म गेला होता. आता गिऱ्हाईक समोरच्या पायऱ्या चढत होतं. असंच चाललं तर दिवाळं ठरलेलं. तात्यांनी पाटी ठोकली : ‘बिघडलेला माल बदलून मिळेल. एकही प्रश्न विचारणार नाही.’

“निदान बिल तरी बघा,” कॉलेज सोडून दुकानात बसलेली मुलगी म्हणाली.

“बिल मागणं म्हणजे संशय घेणं! कॉलेज सोडलेल्यांनी मला धंदा शिकवू नये.” (तात्यांनी कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं, म्हणून सोडण्याची नामुष्की टळली.)

दुकानात झुंबड उडाली. तात्या खोकं उघडतसुद्धा नसत. जुनं आत, नवं बाहेर. गोदाम भरलं, मग घर. सोफ्यावर पंखे बसले, पलंगावर इस्त्र्या निजल्या, बायको स्वयंपाकघरात आडवी होऊन शिरू लागली.

“अहो, झोपायचं कुठे?”

“गर्दी बघ, गर्दी! समोरचा रडत असेल.”

कंपनीचा माणूस बिघडलेला माल न्यायला आला. त्यानं एक मिक्सर उपडा केला, मग दुसरा, तिसरा.

“काका, बुडाला समोरच्या दुकानाचं स्टिकर आहे. ज्यानं विकला, त्याच्याकडूनच आम्ही परत घेतो.”

“सगळेच?”

“इस्त्र्या बघायच्या राहिल्यात.”

तात्यांनी इस्त्री उलटली. तिथंही तेच स्टिकर. मुलीनं बिलबुक त्यांच्यापुढे सरकवलं.

तणतणत तात्यांनी रस्ता ओलांडला. समोरचा मॅनेजर हात जोडून उभा.

“या काका! बदलून द्यायचा आमचा खर्च तुम्ही उचललात, म्हणून तर भाव उतरवता आले. गिऱ्हाईकांना आम्ही तुमचाच पत्ता देतो. चहा घेणार?”

तात्यांनी घेतला. (तेवढाच वसूल.)

पाटी उपटायला घरी येऊन त्यांनी हातोडी शोधून काढली, तर स्वयंपाकघरात कोरा मिक्सर घरघरत होता.

“हा कुठला?”

“समोरचा. स्वस्त पडला.”

“अगं, आपल्या दुकानातला आणायचास!”

“चालू होते ते सगळे तुम्ही वाटून टाकलेत. नवा माल येईपर्यंत थांबू?”

“आणि हा बिघडला म्हणजे?”

बायकोनं त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

“म्हणूनच सांगते, पाटी एवढ्यात काढू नका.”