पाणी पिण्याची सुट्टी

मी शाळा काढली ती एका फुलीमुळे.

‘नदी समुद्राला का मिळते?’ या प्रश्नाला माझ्या लेकीनं वहीत लिहिलं होतं, ‘कारण समुद्र खाली असतो.’ बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती. मी विचारायला गेलो. बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, “तुमचं शिक्षण किती?”

(मी नववीत शाळा सोडली. पुढे जे शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून, वाचनालयातून आणि रोजच्या डायरीतून. बावीस वर्षांत डायरीचा एक दिवस चुकलेला नाही. पण हे कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.)

समोर पाण्याचा पेला होता, तो उचलून घटाघटा प्यायलो आणि निघून आलो. पेला बाईंचा होता हे जिन्यात लक्षात आलं.

घरी येऊन जाहीर केलं, “उद्यापासून हिची शाळा बंद. ही घरी शिकेल.”

“कुणाकडे?” बायकोनं विचारलं.

“माझ्याकडे.”

“अहो, आणि तुम्ही कुणाकडे शिकणार?”

मी दुर्लक्ष केलं. (लग्नानंतर ही एक विद्या मी पूर्ण आत्मसात केली आहे.) गोदामातली माझी कारकुनी दुपारपाळीची, त्यामुळे सकाळ मोकळी होती. वाचनालयातून जुन्या शिक्षणपद्धतीवरचं एक जाड पुस्तक आणलं. आधी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व, असा त्या पद्धतीचा क्रम. शेजारच्या इमारतीतले औषधांचे दुकानदार आणि दातांच्या डॉक्टरीणबाई यांनाही त्यांच्या मुलांच्या शाळेचा वैताग आलाच होता. त्यांच्या ओळखीतून आणखी दोन घरं मिळाली. पाच घरं, सात मुलं, वर्ग आमच्या बैठकीच्या खोलीत. प्रत्येक पालकानं आठवड्यातला एक वार शिकवायचं ठरलं.

नियम मी केले. पहिला : पुराव्याशिवाय विधान करायचं नाही. दुसरा : वर्गात मला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचं, लेकीनंसुद्धा. तिसरा : दिवसभरात जे घडेल ते मी नोंदवहीत खरं खरं लिहीन, आणि ती दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल. ज्याला हवं त्यानं वाचावं. (कुणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. माझं लिखाण आजवर कुणी वाचलेलं नाही.)

महिन्याभरात पालक गळायला लागले.

“अहो, आज तुमचा वार!” मी दुकानदारांना फोन केला.

“दुकानात माल आलाय हो. तुमचं बरं आहे, मुलं आयती तुमच्या घरातच असतात!”

डॉक्टरीणबाई एकदाच आल्या. सातही मुलांना आ करायला लावला, दोघांना दवाखान्यात यायच्या तारखा दिल्या आणि गेल्या. शेवटी पाचही वार माझ्याकडे आले.

पाठांतर निभावलं. भूमितीनं घात केला. सिद्धता मी पहाटे उठून घोकायचो. दोन पायऱ्या झकास जायच्या. तिसऱ्या पायरीला मुलं विचारायची, “सर, हे कशावरून?” (असं विचारायला मीच शिकवलं होतं.) मी फळ्याकडे बघायचो, फळा माझ्याकडे.

“चला, पाणी पिऊन या सगळे!”

मुलं गॅलरीतल्या माठावरून परत येईपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन पुस्तक बघून यायचो. आणि नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहायचो : ‘११.१०. तिसऱ्या पायरीला अडकलो. पाणी पिण्याची सुट्टी दिली.’

सहा महिने झाल्यावर पालकांची सभा ठरली. शाळा चालू ठेवायची की नाही, हे त्यात ठरायचं होतं. मला ती हवी होती. लेकीसाठी, हे मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे जन्मात पहिल्यांदा सात जण मला ‘सर’ म्हणत होते. (नियम क्रमांक दोनमुळे; पण म्हणत होते.)

मुलांची तयारी दिसावी म्हणून मी वादविवाद ठेवला. विषय : ‘ही शाळा चालू राहावी.’ परीक्षक मीच. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात लेकीला विरोधी बाजू आली. तिची तयारीही मीच करून घेतली.

“समोर कोण आहे ते बघायचं नाही. लेखी पुरावा आणायचा.”

“कुणाचाही चालेल, सर?”

“कुणाचाही!”

सभेच्या दिवशी ती उठली, दाराशी गेली आणि खिळ्यावरची नोंदवही काढून घेऊन आली.

“सहा महिन्यांत पाणी पिण्याची सुट्टी एकेचाळीस वेळा,” ती म्हणाली. “त्यातल्या अडतीस भूमितीच्या तासाला. आम्हाला तहान लागली होती अशी नोंद एकदाही नाही. प्रत्येक नोंदीत एक शब्द आहेच : ‘अडकलो.’ सर खोटं लिहीत नाहीत, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. म्हणून हा पुरावा ग्राह्य धरावा.”

आवाज खणखणीत, हात पाठीमागे बांधलेले, वाक्यांच्या मध्ये योग्य विराम. सगळं मी शिकवलं होतं तसं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे निकालासाठी माझ्याकडे बघायला लागले.

मी विरोधी बाजू विजयी घोषित केली. नियमाप्रमाणे दुसरं काही शक्यच नव्हतं.

“काय तयार केलंत हो मुलीला!” असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोन्ही मुलांची दप्तरं उचलली. दुकानदारांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला आणि दुसऱ्या हातानं मुलाला चप्पल घालायला लावली. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. बायको सतरंज्या गोळा करायला लागली.

लेक दारात उभी होती. “सर, मार्क किती?”

“दहापैकी दहा.”

तिनं नोंदवही पुन्हा खिळ्याला अडकवली. “बाबा, रागावलास?”

“नाही गं.”

“पुरावा?”

मी सतरंजीचं दुसरं टोक धरायला गेलो.

सोमवारी तिला घेऊन जुन्या शाळेच्या कचेरीत गेलो. पलीकडे त्याच बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि आपला पेला उचलून खिडकीत ठेवला.

कारकुनानं अर्ज पुढे ओढला. “मुलीचं नाव झालं, पत्ता झाला. वडिलांचं शिक्षण?”

कारकुनानं पेन दोनदा टेबलावर आपटलं. लेकीनं दप्तरातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

“बाबा, पाणी पी.”

त्या दिवशीची डायरीतली नोंद : ‘११.१०. पाणी पिण्याची सुट्टी, क्रमांक बेचाळीस. या वेळी मला मिळाली.’