भैरवची वेळ

"गुरुजी, आपको भैरव के अलावा और कुछ आता भी है?"

मैत्रिणींशी लावलेली पैज सुरुचीने शनिवारी सकाळी एका दमात पुरी केली. "हिंमतच नाही यार तुझी," असं हेमाने डिवचलं होतं ना! अमीनाबादला गुरुजींचा क्लास शाळेआधी असायचा, म्हणजे पहाटे. आणि पहाटे म्हणजे राग भैरव. चार वर्षं तोच.

गुरुजींनी पान गालात सरकवलं. "तुम्हें आता है? तो कल सुबह बैठक में गाओ, बेटा."

घरी आईने निकाल आधीच लावून टाकला. "दहावीचं वर्ष आहे. उद्या चांगली गायलीस तर क्लास चालू. नाहीतर बंद." बाबांनी मान डोलावली. घरात ते खातं त्यांच्याकडेच होतं.

रविवारी सूर्य उगवायच्या आत सुरुची तानपुरा जुळवून बसली. सरोजिनी नगरहून तिच्याबरोबर आई-बाबाही आले होते. गायच्या आधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यायची, हा तिथला रिवाज. समोर श्रोत्यांत वकीलसाहेब आणि डॉक्टरसाहेब शेजारी बसले होते; तिने वकीलसाहेबांना हात जोडले. "इजाज़त है?"

"मैं? डॉक्टरसाहब के होते हुए?"

"तौबा!" डॉक्टरसाहेब म्हणाले. "आप मुझसे बड़े हैं."

"उम्र में. इल्म में नहीं."

कुणाचं शिक्षण आधी पुरं झालं, इथपर्यंत गोष्ट गेली. तेवढ्यात जजसाहेब आले. सगळे उठले, चहा फिरला, आणि इजाज़तीची चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अखेर तिघांनी एकदम मान हलवली, तेव्हा ऊन खिडकीतून तानपुऱ्यावर आलं होतं.

गुरुजी म्हणाले, "अब भैरव का वक़्त नहीं रहा."

दुसरं येत होतं काय सुरुचीला? तिने आईकडे पाहिलं. आईने घड्याळाकडे.

"सा लगाओ," गुरुजी हळूच म्हणाले. "सा का कोई वक़्त नहीं होता."

तिने सा लावला. आधी थरथरला, मग तानपुऱ्यात मिसळला, मग तिचा राहिलाच नाही. ती पुन्हा पुन्हा तोच लावत राहिली. मग थांबली. पहिली दाद कुणी द्यायची, म्हणून तिघे साहेब एकमेकांकडे अदबीने बघत होते.

"आज लगा," गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते.

परतताना टेम्पो-रिक्षात बाबा पुटपुटले, "चार वर्षांत नुसता सा?"

"हो ना," सुरुची शांतपणे म्हणाली. "आई, बाबा, माझं ठरलंय. उद्यापासून मी दुपारीही गुरुजींकडे जाणार, दुपारचा राग शिकायला. त्या वेळची गणिताची शिकवणी बंद."

बाबांनी सवयीने मान डोलावली.